पश्चिमेच्या खोलीत वर्ग भरवा

पत्र

मी सोलापुरात तंत्रनिकेतनात स्थापत्य विभागात शिकवते. मागच्या वर्षी ऊर्जा वाचवणाऱ्या घरांवर दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. अंतिम वर्षाची मुलं, शहरातले परवानाधारक अभियंते, ठेकेदार आणि गवंडी अशा सगळ्यांना एकत्र बोलावलं होतं. पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर ठेकेदार निघून गेले. गवंडी दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत, ‘रोज बुडतो’ म्हणाले. मुलांनी विचारलं, ‘मॅडम, हे परीक्षेला आहे का?’ आणि एका अभियंत्यांनी तोंडावर सांगितलं, ‘गिऱ्हाइकाला एलिव्हेशन (घराचं दर्शनी रूप) पाहिजे, काच पाहिजे. तुमचं ऐकलं तर माझं काम जाईल.’ यंदा प्राचार्यांनी कार्यशाळा पुन्हा घ्यायला सांगितली आहे. सोलर पॅनल विकणारी एक कंपनी सगळा खर्च उचलायला तयार आहे, पण त्यांना अर्धा दिवस हवा. घ्यावं का? आणि मुळात काय शिकवायचं, कुणाला, कसं?

ता.क. प्रमाणपत्रं द्यावीत का?

उत्तर

मॅडम, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य गवंड्यांचं आहे. त्यांना विषय नको होता असं नाही, हजेरी परवडली नाही. ज्याची दोन दिवसांची मजुरी जाणार आहे त्याला आपण सभागृहात पंख्याखाली बसवतो, पडद्यावर जागतिक तापमानवाढीचे आलेख दाखवतो आणि वर चहा-बिस्किटं देतो. तो उठून गेला तर त्यात नवल काय?

तेव्हा यंदा सगळ्यांना एका हॉलमध्ये कोंबू नका. मुलांसाठी वेगळं, अभियंत्यांसाठी वेगळं, गवंडी-ठेकेदारांसाठी तर जागाही वेगळी. दोन दिवस सलग घ्यायचा हट्टही सोडा.

मुलांपासून सुरू करतो, कारण तिथं तुमच्या हातात सगळ्यात जास्त आहे. मार्चअखेर गाठा. सोलापुरात तेव्हा उन्हावर वेगळी स्लाइड लागत नाही. बंदुकीसारखे दिसणारे इन्फ्रारेड थर्मामीटर दीड-दोन हजारांत मिळतात, तीन-चार घेऊन विभागाच्या डेड स्टॉकला चढवा. मुलांनी ते पाळीपाळीनं घरी न्यायचे आणि तीन जागांचं तापमान घ्यायचं: छताची खालची बाजू, पश्चिमेची भिंत आतून, उत्तरेची भिंत आतून. दुपारी दोनला, संध्याकाळी सहाला आणि रात्री दहाला. बस्स, एवढाच गृहपाठ.

एक सूचना आधी द्या. चकचकीत पत्र्यावर ही बंदूक खोटं बोलते, प्रत्यक्षापेक्षा बरंच कमी तापमान दाखवते. पत्र्याला काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरायचा. तुमच्या वर्गात पत्र्याच्या घरात राहणारी मुलं असणारच. त्यांचे आकडे नाव घेऊन वाचून दाखवू नका, पण तक्त्यात ते हवेतच, कारण त्यांच्याशिवाय स्लॅबचं वागणं समजत नाही. पत्रा दुपारी भाजून काढतो आणि सूर्य मावळला की लवकर निवतो. स्लॅब दुपारी बरा वाटतो, पण दिवसभराची उष्णता पोटात धरून ठेवतो आणि रात्री झोपायच्या वेळी ती खाली सोडतो. आपली माणसं उन्हाळ्यात अंथरूण घेऊन गच्चीवर का जातात, हे मुलांना माहीत असतंच. आता त्याला आकडा मिळेल.

तक्ता हातात आला की फळ्याकडे या. घरगुती बांधकामातला पाच इंची स्लॅब घ्या, १२५ मिमी. काँक्रीटची उष्णतावाहकता साधारण १.५८ वॅट प्रति मीटर-केल्व्हिन. जाडी भागिले वाहकता, म्हणजे उष्णतेला होणारा रोध आला ०.०८. आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या थरांचा मिळून ०.२१ धरला की एकूण ०.२९. तो उलटा केला की यू-व्हॅल्यू, म्हणजे छत-भिंतीतून उष्णता किती सहज आत येते त्याचं माप. ते आलं साडेतीनच्या आसपास. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनं घरांसाठी २०१८ साली काढलेली इको-निवास संहिता म्हणते, छताची यू-व्हॅल्यू १.२च्या वर जाऊ देऊ नका. म्हणजे आपला नुसता स्लॅब जवळजवळ तिप्पट उष्णता आत घेतो.

इथं वर्गातून कुणी तरी म्हणेलच, ‘सर म्हणतात कोबा केला की थंड होतं.’ करून बघा म्हणावं. वीटकोबा (स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा थर) सरासरी १०० मिमी, वाहकता ०.८ धरा. रोधात भर पडली जेमतेम ०.१२५ची, यू-व्हॅल्यू आली २.४. प्रत्येक चौरस मीटरवर दोनशे किलोच्या आसपास ओझं चढवूनही मर्यादेच्या दुप्पट! कोबा पाण्याच्या उतारासाठी आणि गळती थांबवण्यासाठी आहे. उन्हाच्या बाबतीत तो उष्णता थोडी उशिरा आत सोडतो, एवढंच. आता कोब्याऐवजी गणितात २५ मिमीचा एक्सपीएसचा, म्हणजे थर्माकोलच्या जातीचा घट्ट फोमबोर्ड घाला. त्याची वाहकता ०.०३च्या आसपास, रोधाची भर ०.८३, यू-व्हॅल्यू ०.९. बोर्डाचं स्वतःचं वजन चौरस मीटरला एक किलोच्या आतबाहेर. त्यावर संरक्षक थर लागतो, जलरोधन लागतं, त्याचा खर्च आहे, तोही फळ्यावर मांडा. शिवाय वरून पांढरी चिनीमातीची फरशी किंवा दर मार्चला चुन्याचा हात दिला तर ऊन आत शिरण्याआधीच बरंचसं परत जातं, आणि चुन्याला फारसा पैसाही लागत नाही. पावसाळ्यात तो धुपतो हे खरं. दर वर्षी मारायचा.

एवढं गणित मुलानं आपल्या घराच्या छतावर केलं की ‘परीक्षेला आहे का’ हा प्रश्न पुष्कळसा विरतो. अगदीच विरला नाही तर अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला हाच विषय लावा, गुण मिळतील. गुणांसाठी शिकणाऱ्या मुलांवर माझा राग नाही. त्यांना नोकरी शोधायची आहे.

दुसरा पाठ खिडकीचा, आणि तो वर्गाबाहेर घ्या. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. उत्तर भारतात बसून लिहिलेल्या पुस्तकातून शिकलेली मुलं ‘उत्तरेकडून ऊन येत नाही’ असं ठामपणे लिहितात. त्यांना कॉलेजच्या मैदानात उभं करा.

मग छज्जा घ्या. आपल्याकडे छज्जा म्हणजे दीड फूट, चारी दिशांना सारखाच, कारण सेंट्रिंगवाल्याला तसं सोयीचं पडतं. चार फूट उंच खिडकी आणि तिच्या लगेच वर ४५ सेंटिमीटरचा छज्जा धरा. दक्षिणेच्या भिंतीवर मार्चच्या विषुवदिनी दुपारी सूर्य ७२ अंशांवर असतो, तेव्हा पूर्ण खिडकी सावलीत. डिसेंबरात तो ४९ अंशांवर उतरतो. खिडकीचा वरचा पावणेदोन फूट सावलीत राहतो, खालून कोवळं ऊन आत येतं, आणि ते हवंच असतं. दक्षिणेला हा छज्जा अगदी शहाण्यासारखा वागतो. आता तोच छज्जा पश्चिमेच्या खिडकीवर, मे महिन्यात, संध्याकाळी पाच वाजता. सूर्य जेमतेम २५ अंशांवर, आणि सावली पडते खिडकीच्या वरच्या वीतभर भागावर. उरलेली सगळी खिडकी उघडी. पैसे, लोखंड, सिमेंट सगळं तेवढंच लागलं आणि उपयोग काही नाही. हे एकदा मुलांनी सुतळी आणि कोनमापकानं स्वतः मोजलं की जन्मात विसरणार नाहीत. पश्चिमेला उभे आडोसे लागतात, जाळी लागते, बाहेरून पडदा किंवा झाड लागतं. आतून लावलेला जाड पडदा फारसा उपयोगाचा नाही, कारण तोवर ऊन काच ओलांडून घरात आलेलं असतं.

खिडकी उघडते किती, हेही याच पाठात उरकून घ्या. संहितेत उष्ण-कोरड्या भागासाठी, म्हणजे सोलापूरसाठी, उघडणाऱ्या भागाचं प्रमाण घराच्या आतल्या जमिनीच्या किमान १० टक्के आहे. मुंबईसारख्या दमट भागासाठी ते १६.६६ टक्के. नियम अख्ख्या घराला लागू आहे, पण समजण्यापुरती एक खोली घ्या. दहा बाय बाराच्या खोलीला आपल्याकडे १२ चौरस फूट उघडलं पाहिजे, मुंबईला २०. चार बाय चारची दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी बसवली तर उघडते निम्मीच, ८ चौरस फूट. बिजागरीची तेवढीच खिडकी पूर्ण १६ देते. दुसरं असं की आपल्या हवेत उन्हाळ्यात दिवसा खिडक्या बंद ठेवून रात्री उघडायच्या असतात, कोकणात दिवसभर वारा खेळता हवा. पुण्या-मुंबईच्या मासिकातला प्लॅन उचलून सोलापुरात बांधणाऱ्यांना हे कुणी तरी सांगायला हवं, आणि ते तुमचीच मुलं सांगणार आहेत.

आता ते एलिव्हेशनवाले अभियंता. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांचं म्हणणं बरोबर आहे. दोन हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर बंगला बांधणारा माणूस रस्त्यावरून घर कसं दिसेल यासाठीच पैसे मोजतो. कायदाही तुमच्या मदतीला येणार नाही. २०१८ची संहिता ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटसाठी लिहिलेली आहे, हा प्लॉट भरतो १८६ चौरस मीटर. त्यामुळे त्यांना नियम दाखवू नका, संहितेतलं एक सूत्र दाखवा. भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत येते याचा आकडा काढायला संहितेत आरईटीव्ही आहे, मर्यादा १५ वॅट प्रति चौरस मीटर. सूत्रात उष्ण-कोरड्या भागासाठी तीन गुणांक आहेत. भिंतीतून झिरपणाऱ्या उष्णतेचा ६.०६, काचेतून झिरपणाऱ्या उष्णतेचा १.८५ आणि काचेतून थेट आत शिरणाऱ्या उन्हाचा ६८.९९. हा शेवटचा आकडा फळ्यावर मोठा लिहा आणि थोडं थांबा. त्याच्याखाली दिशेचे गुणांक लिहा, पश्चिम १.१५६, उत्तर ०.६५९. तीच काच, तेवढीच काच, भिंत बदलली की ऊन जवळपास निम्म्यावर.

आणि मग त्यांच्या धंद्याचं बोला. सध्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सीएनसी कटिंगची (संगणकावर चालणाऱ्या यंत्रानं कापलेली) जाळी हवी असते. जिन्याच्या भिंतीवर, पॅरापेटवर, कुठंही लावतात. तीच जाळी पश्चिमेच्या काचेपुढे फूटभर अंतर ठेवून लावली तर एलिव्हेशनही झालं आणि ऊनही अडलं. गिऱ्हाइकाला हे ‘डिझाइन’ म्हणून विकता येतं. शिवाय बेडरूम पश्चिमेला आली तर एसी दीड टनाचा लागेल की एकाचा, हा प्रश्न त्याला ताबडतोब कळतो. अभियंत्यांना दोन तासांपेक्षा जास्त बसवू नका, आणि प्रत्येकाला आपला चालू असलेला एक नकाशा आणायला सांगा. दुसऱ्याच्या आदर्श घरात कुणालाच रस नसतो.

ठेकेदारांना वेगळं शिकवण्यासारखं फार नाही. त्यांना गवंड्यांबरोबर साइटवर बोलवा.

साइट म्हणजे खरोखर चालू असलेली साइट. तुमच्या ओळखीतल्या कुणाचं तरी घर चालू असेलच. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात गवंड्यांना ४५ दिवसांचं प्रशिक्षण देतात, तेही प्रत्यक्ष घरकुल बांधता बांधता. ही पद्धत योग्य आहे, कारण गवंडी भिंत बघून शिकतो. तुम्हाला एकच दिवस मिळणार आहे, तो एएसी ब्लॉकला, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांच्या हलक्या सिमेंट ब्लॉकला द्या. आपल्याकडे सगळा घोटाळा तिथंच होतो.

दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली नऊ इंची विटेची भिंत आणि आठ इंची ब्लॉकची भिंत, यू-व्हॅल्यू अनुक्रमे दोन आणि पाऊण. कागदावर ब्लॉक जिंकला. (फ्लाय अॅशची वीट मात्र पर्यावरणाला बरी असली तरी उष्णता अडवण्यात मातीच्या विटेपेक्षा फार वेगळी नाही. विक्रेते सांगतात त्यावर जाऊ नका.) पण गवंड्याला विचारा, तो म्हणेल, ‘ब्लॉकला भेगा जातात, मालक शिव्या घालतो, आपली वीटच बरी.’ भेगा जातात हे खरं आहे आणि त्याचं कारण साइटवर दोन मिनिटांत दिसतं. सवयीनं ब्लॉकवर पाइप धरून तो विटेसारखा चिंब भिजवतात. मग तो वाळताना आकसतो. पातळ थराच्या चिकट मसाल्याऐवजी नेहमीच्या सिमेंट-वाळूचा बोटभर सांधा भरतात. कॉलम आणि ब्लॉक जिथं भेटतात तिथं गिलाव्याखाली जाळी मारत नाहीत. आणि सगळं झाल्यावर इलेक्ट्रिशियन येतो आणि छिन्नी-हातोड्यानं वायरसाठी झिरी फोडतो, की अख्खी भिंत हादरते. कटर मारून झिरी काढली तर निम्म्या तक्रारी संपतात. म्हणून त्या दिवशी इलेक्ट्रिशियनलाही बोलवा, त्याला कार्यशाळेचं निमंत्रण कधीच कुणी देत नाही. दोन भिंती उभारा, एक सवयीनं आणि एक नीट, दोन्हींत झिऱ्या काढा आणि महिन्यानं सगळ्यांना परत आणून दाखवा. मुलांनाही त्या दिवशी तिथं न्या, थापी धरायला लावा. गवंडी त्यांना शिकवेल आणि तुम्ही मागं उभ्या राहा.

हौस असेल तर एका कोपऱ्यात रॅट-ट्रॅप बाँडही रचून बघा. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रुजवली. विटा उभ्या धारेवर ठेवून मध्ये पोकळी सोडायची. विटा सुमारे पाव हिश्शानं वाचतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. पण त्याला एकसारख्या मापाच्या विटा लागतात. आपल्या भट्टीच्या विटांचे आधी चार थर कोरडे रचून पाहा, जमेल असं वाटलं तरच पुढं जा.

एका मोहापासून मात्र सावध करतो. असा विषय निघाला की कुणी तरी पाहुणा माळवदाची आठवण काढतो. जाड दगडमातीच्या भिंती, वर पांढरी माती, आत कसं गार! गार असायचं, खरं आहे. पण ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली ती अशाच घरांखाली. चिखलात रचलेल्या भिंती उघडल्या आणि वरचं मातीचं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. सोलापूरहून किल्लारी लांब नाही, तुमच्या विद्यार्थ्यांच्या आईवडिलांना ती पहाट आठवत असेल. म्हणून माळवद दाखवायचंच असेल तर अख्खी गोष्ट दाखवा. जाड मातीचा थर उष्णतेला किती वेळ रोखतो हे शिकवा, आणि भिंती बांधून धरणारे आडवे पट्टे नसतील, कोपरे बांधलेले नसतील तर तोच थर काय करतो हेही. जुन्यातलं तेवढं उचलायला स्थापत्याचं शिक्षण लागतं. भुजमध्ये २००१च्या भूकंपानंतर हुन्नरशाळा या संस्थेनं कारागिरांबरोबर मातीच्या भिंतींवर पुष्कळ काम केलं आहे, मुलांना त्याबद्दल वाचायला सांगा.

राहिली सोलर कंपनी. पॅनल वीज बनवतं, घराचं तापणं ते फार तर आपल्या सावलीपुरतं कमी करतं. ज्या घराला दोन एसी लागतात त्याच्या छतावर पॅनल लावून तो माणूस आपण फार मोठी बचत केली असं समजतो. म्हणून अर्धा दिवस देऊ नका आणि सुरुवात तर मुळीच देऊ नका. सगळ्यात शेवटी एक तास द्या, तोही अटीवर. त्यांनी आधी बसवलेल्या एखाद्या गच्चीवर मुलांना न्यायचं, घरमालकाचं नेट मीटरिंगचं (पॅनलनं दिलेली वीज वजा करून येणारं) खरं बिल दाखवायचं. तिथं मुलांना थर्मामीटर घेऊन सोडा. पॅनलच्या सावलीतला स्लॅब आणि शेजारचा उघडा स्लॅब, दोन्ही मोजू द्या. सावलीचा हा फायदा विक्रेते सहसा सांगत नाहीत. २०२४मध्ये आलेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट आणि वरच्या घरगुती यंत्रणेला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, ती माहितीही मुलांना घरी उपयोगाची. कंपनीला ही अट मान्य नसेल तर त्यांचा खर्च नको. थर्मामीटर, थोडे ब्लॉक आणि मजुरी एवढ्यात तुमचं भागतं, मांडव-बॅनर-शाल-श्रीफळ काढून टाका.

प्रमाणपत्रं मुलांना द्या, त्यांना अर्जाला जोडायला लागतात. अभियंत्यांना हवं असेल तर द्या. गवंड्यांना दिलंत तर नाव त्यांना विचारून लिहा, हजेरीच्या वहीत ‘मिस्त्री १, मिस्त्री २’ असं असतं ते तसंच छापू नका. पण त्यांना आधी त्या दिवसाची मजुरी द्या, चालू दरानं, रोख, त्याच संध्याकाळी. ‘बिल पास झालं की देऊ’ म्हणालात तर पुढच्या वर्षी कुणी येणार नाही. कार्यालयातून उचल आठवडाभर आधी काढून ठेवा, तुमच्या अकाउंट सेक्शनला तेवढा वेळ लागतोच.